पिंगला उत्तर आलं नाही, म्हणजे डिव्हाइसच नाही?

नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला कायम फिरत असतो: "आयपी रेंज टाका, पिंग स्कॅन लावा, काही मिनिटांत सगळ्या डिव्हाइसची यादी हातात. स्कॅनने काही बिघडत नाही. एकदा यादी झाली की सुटलात." पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला "आहेस का?" असं विचारणारा छोटा संदेश. या सल्ल्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट खरं आहे.

"सगळी डिव्हाइस." पिंगला उत्तर देणारी सगळी, असं म्हणा. विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंग मुकाट गिळतो, आणि चालू मशीन यादीत बंद दिसतं. म्हणूनच १९९७ पासून वापरात असलेलं एनमॅप हे स्कॅनिंग टूल अ‍ॅडमिन हक्कांनी चालवलं, तर दूरच्या नेटवर्कवर पिंगसोबत ४४३ आणि ८० या वेबच्या पोर्टांवरही टकटक करून बघतं. स्वतःच्या सबनेटमध्ये, म्हणजे राउटरच्या अलीकडच्या नेटवर्कमध्ये, ते एआरपी (आयपीवरून डिव्हाइसचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक, विचारायची पद्धत) वापरतं, आणि त्याला उत्तर न देता आयपीव्ही४ वर कोणाचंच काम चालत नाही. पण एआरपी राउटर ओलांडत नाही. आपल्या टेबलावरून पाच व्हीलॅन (एकमेकांपासून वेगळी केलेली नेटवर्क) स्कॅन केले, तर त्यातल्या चारांचं चित्र फायरवॉलच्या मर्जीवर असतं. एकतर प्रत्येक व्हीलॅनमध्ये स्कॅनर बसवा, नाहीतर राउटरचं एआरपी टेबल एसएनएमपीने (नेटवर्कच्या डिव्हाइसकडून माहिती वाचायचा प्रोटोकॉल) वाचा. उलटा घोळही होतो: मधला एखादा फायरवॉल सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो आणि २५४ पैकी २५४ पत्ते "चालू" दिसतात. असा भरगच्च रिपोर्ट पाहून खूश होणारेही असतात!

"रेंज टाका." /२४ आकाराच्या रेंजमध्ये २५४ पत्ते, /१६ मध्ये ६५,५३४, इथवर ठीक. पण लांब पत्त्यांच्या आयपीव्ही६ च्या एका /६४ मध्ये सेकंदाला दहा लाख पत्ते तपासले तरी पाच लाखांहून जास्त वर्षं लागतील. तिथे राउटरचं नेबर टेबलच (एआरपी टेबलचा आयपीव्ही६ मधला जोडीदार) वाचायचं.

"काही बिघडत नाही." नुसत्या पिंगने सहसा नाही. पण डिस्कव्हरी टूल, म्हणजे डिव्हाइस शोधणारं सॉफ्टवेअर, पुढे जाऊन पोर्ट आणि व्हर्जन तपासायला लागलं की ९१०० पोर्टवर ऐकणारे प्रिंटर आलेला मजकूर सरळ छापत सुटतात. एनमॅप व्हर्जन तपासताना तो पोर्ट मुद्दाम वगळतं, ते यासाठीच. जुने पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे कंट्रोलर) तर अडकून बसू शकतात. त्यांची रेंज वेगळी काढा आणि त्यांच्या मालकांना आधी विचारा.

त्याहून मोठा धोका पासवर्डचा, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. टूलमध्ये अ‍ॅडमिनचं लॉगिन भरून अख्ख्या रेंजवर सोडलं, की ते दिसेल त्या मशीनला एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची पद्धत) तो पासवर्ड देऊन बघतं. त्यात कोणी मुद्दाम लावलेलं मशीन असेल, तर पासवर्ड आपणच त्याच्या हातात दिला. एसएनएमपी व्ही२सी ची कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे त्याचा पासवर्डच, तर उघड्या मजकुरातच जाते. डिस्कव्हरीसाठी फक्त वाचायचे हक्क असलेलं वेगळं खातं, एसएसएचसाठी पासवर्डऐवजी की (डिजिटल किल्ली), आणि जमेल तिथे एसएनएमपी व्ही३ एवढं तरी करा. जुना पासवर्ड टूलमध्ये तसाच राहिला, तर दर स्कॅनला खातं लॉक होतं ते वेगळंच.

"एकदा यादी झाली." रात्री स्कॅन लावला तर लॅपटॉप घरी गेलेले असतात. आयपी आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीमुळे तो बदलतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर खरा मॅक लपवतात. त्यामुळे नोंद आयपीवर नको, मिळेल तिथे सीरियल नंबरवर करा. स्कॅन कामाच्या वेळेतही चालवा, आणि निकाल स्विचच्या मॅक टेबलशी ताडून पाहा. जो मॅक स्विचच्या पोर्टवर आहे पण स्कॅनमध्ये नाही, त्या पोर्टची केबल कुठे जाते ते आधी शोधा.