छापील गुपितं

जगात सर्वांत जास्त वेळा छापलं गेलेलं गुपित फ्रीमेसन मंडळींचं असावं. फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांची हत्यारं आणि एप्रन खूण म्हणून मिरवणारी, गुप्त विधी पाळणारी एक बंधुसंघटना. 1717 साली लंडनमधल्या त्यांच्या चार लॉजची, म्हणजे शाखांची, माणसं ‘गूज अँड ग्रिडायर्न’ नावाच्या गुत्त्यात जमली आणि त्यांनी ग्रँड लॉज स्थापन केलं. 1730 साली सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या गृहस्थाने त्यांचे विधी, खुणा आणि परवलीचे शब्द एका पुस्तिकेत छापून बाजारात आणले, आणि ती हातोहात खपली. म्हणजे गुपित टिकलं 13 वर्षं. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं लग्न मोडलं तर 13 तासांत वॉचमनच्या बायकोलाही माहीत असतं, त्या मानाने कौतुकच म्हणायचं.

पुढे मग सगळ्यांनीच छापलं. सभासदांनी छापलं, विरोधकांनी छापलं, भांडून बाहेर पडलेल्यांनी तर दुप्पट छापलं. 1826 साली अमेरिकेत विल्यम मॉर्गनने असंच पुस्तक काढायचं जाहीर केलं आणि त्याला पळवून नेण्यात आलं. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. पुस्तक मात्र आलं आणि धडाक्यात खपलं. आपल्याकडे बहुधा उलट होतं. लेखक सारखा भेटत राहतो, पुस्तक कुठे दिसत नाही.

तर ही पुस्तकं आणि चोपडी जमवायचा मला नाद आहे. मी नौपाड्यात राहते, सहकारी बँकेत कारकुनी करते आणि या संघटनेत मला प्रवेश नाही. रेव्हरंड जेम्स अँडरसनने 1723 साली त्यांची घटना लिहिली, तीत सभासद कोण नसावेत हे स्पष्ट दिलंय: गुलाम नकोत, बायका नकोत, अनीतिमान किंवा बदनाम पुरुष नकोत. याच क्रमाने. माझ्या नवऱ्याला प्रवेश मिळू शकेल, पण तो सोसायटीच्या वार्षिक सभेलाही जात नाही. 1893 साली पॅरिसमध्ये मारिया देरेम आणि जॉर्ज मार्टिन यांनी स्त्री-पुरुषांचं एकत्र लॉज काढलं, आणि ती शाखा पुढे अ‍ॅनी बेझंटबाईंनी हिंदुस्थानात आणली. त्याच 1893 साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. दोन्हींपैकी मी ग्रंथसंग्रहालयाची सभासद आहे. वर्गणी कमी आणि एप्रन घालावा लागत नाही.

ही चोपडी ठाण्यात येतात कुठून, असं लोक विचारतात. मुंबईतून येतात. माणेकजी करसेटजी नावाचे पारशी गृहस्थ होते. मुंबईच्या गोऱ्यांच्या लॉजने त्यांना घेतलं नाही म्हणून ते पॅरिसला जाऊन दीक्षा घेऊन आले. तरी इथले लोक दार उघडेनात. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने 1843 साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं, त्यात हिंदी माणसांना जागा होती. पुढे लॉज वाढत गेली, आणि माणसं जमली की छापखान्याची चंगळ: नियमावल्या, सभासदांच्या याद्या, शताब्दीच्या पुस्तिका, मेजवान्यांची मेनूकार्डं. आजोबांनी हे सगळं जपून ठेवलं. वडलांनी ‘राहू दे, आजोबांचं आहे’ म्हणून ठेवलं. नातवाची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, आणि ट्रंक जांभळी नाक्याच्या बाजूला माझ्या ओळखीच्या रद्दीवाल्याकडे आली.

या रद्दीवाल्या शेठचा स्वभाव सांगायलाच हवा. अक्षरओळख बेताची, पण माणूस वाचावा तर त्यांनीच. फ्रीमेसनांच्या पुस्तकांवर बहुतेक वेळा गुण्या आणि कंपासाचं चिन्ह ठोकलेलं असतं, म्हणून शेठ त्यांना ‘कंपासपेटीवाली पुस्तकं’ म्हणतात. सुरुवातीला ती मला वजनावर मिळायची. मग त्यांच्या लक्षात आलं की ही बाई जाड डिक्शनरी सोडून तळहाताएवढं चोपडं उचलते. त्या दिवसापासून चोपड्यांचा भाव वेगळा झाला.

मी चेहरा कोरा ठेवायला शिकले. आधी पाककृतींची दोन पुस्तकं उचलायची, मग एक आयकराचं गाइड, त्याच्या पोटात हळूच आपलं सावज सरकवायचं आणि म्हणायचं, “एवढंच द्या, प्रवासात वाचायला.”

“मॅडम,” शेठ तराजूकडे न बघता म्हणाले, “आयकर राहू द्या. मधलं पाचशे.”

“पाचशे? अहो, पानं पिवळी पडलीत. कडेला कसर लागलीय बघा.”

“म्हणूनच पाचशे. तुम्ही चष्मा काढून बघितलंत. चष्मा काढला की माल जुना असतो.”

आता मी चष्मा काढत नाही. अक्षर दिसत नाही, पण दोनशे वाचतात. एकदा नवऱ्याला सोबत नेलं, म्हटलं पिशव्या उचलायला बरा. त्याने ढिगातून एक पुस्तिका काढून भर दुकानात पुकारा केला, “अगं, ही बघ! हीच ना तू किती दिवस शोधत होतीस?” शेठनी त्याला खुर्ची दिली आणि चहा मागवला. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी त्याला एवढा मान दिला असेल. चहाचे पैसे पुस्तिकेत धरलेले होते.

फ्रीमेसनांच्या तीन पदव्या असतात: उमेदवार, कसबी आणि उस्ताद. माझ्या पुस्तकांच्या किमतीही तीन असतात. एक सासूबाईंना सांगायची, एक नवऱ्याला सांगायची आणि तिसरी खरी. सासूबाईंना सांगायची किंमत कायम एकच असते, “किलोवर घेतलं, आई.”

बिल्डिंगमध्ये बोलबाला व्हायला कुरियरवाला कारणीभूत. परदेशातून एक पार्सल आलं, त्यावर विक्रेत्याने आत काय आहे ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं: ‘रिच्युअल्स, सीक्रेट, युज्ड’. मी ऑफिसात होते. पार्सल गेटवर, तिथून चौथ्या मजल्यावर, मग पुन्हा दुसऱ्या मजल्यावर असं फिरत संध्याकाळी माझ्याकडे आलं, तोवर महिला मंडळात मी जादूटोणा प्रतिबंधक कायद्यात बसते का यावर चर्चा होऊन गेली होती. गंमत म्हणजे इंग्रजांच्या काळात फ्रीमेसनांच्या इमारतींना लोक ‘जादूघर’च म्हणत. फोर्टात त्यांचा हॉल अजून उभा आहे. दीडशे वर्षांत समाज एवढा पुढे आला की आता त्याने हा संशय माझ्या टू-बीएचकेवर आणून ठेवलाय.

वरच्या मजल्यावरचे काका तर रोज सकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पुरावे पाठवतात. डॉलरच्या नोटेवरचा तो पिरॅमिडवरचा डोळा, तो यांचाच, असं त्यांचं ठाम मत. मी एकदा समजावून सांगितलं की तो डोळा अमेरिकेच्या राजमुद्रेवर 1782 साली आला आणि नोटेवर 1935 साली. डोळा हे देवाच्या नजरेचं चिन्ह त्याच्या कितीतरी आधीपासून चित्रांत आहे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

“वहिनी, तुमच्यावर बंधनं असतील, मला कळतं. पण एक विचारू? धाकट्याचं ग्रीन कार्ड अडकलंय. तुमच्या लोकांकडून काही होईल का?”

काकांना मी लिओ टॅक्सिलची गोष्ट सांगून पाहिली. हा फ्रेंच गृहस्थ 1885 च्या सुमारास फ्रीमेसनांच्या विरोधात लिहू लागला आणि बारा वर्षं लिहीत सुटला. लॉजमध्ये सैतान येतो, पंखवाल्या मगरीच्या रूपात येतो आणि पियानो वाजवतो, इथपर्यंत मजल गेली. भाविकांनी ते विकत घेतलं, पाद्र्यांनी तारीफ केली. 19 एप्रिल 1897 रोजी पॅरिसच्या भूगोल मंडळाच्या सभागृहात त्याने सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की हे सारं मी माझ्या डोक्यातून काढलंय. श्रोत्यांच्या काठ्या आणि छत्र्या आधीच दारात काढून ठेवायला लावल्या होत्या म्हणतात. लेखकाने वाचकाला इतकं अचूक ओळखलेलं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे मगर नव्हती असं त्याच्याकडून वदवून घेतलं त्यांनी!”

सोसायटीचे सेक्रेटरी मात्र माझ्या बाजूने आहेत. त्यांनी माझ्या टेबलावर एका जुन्या लॉजचे ‘बाय-लॉज’ पाहिले. आदर्श उपविधी तोंडपाठ असलेला माणूस तो. उभ्या उभ्या चाळू लागले. वर्गणी थकली तर काय, सभेत एका वेळी किती जणांनी बोलायचं, सगळं बघितलं. शिवाय लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, हा फ्रीमेसनांचा जुना दंडक मी त्यांना सांगितला. “आणि हे लोक तीनशे वर्षं टिकलेत?” त्यांनी विचारलं. मग पार्किंगच्या वादाचं काही दिलंय का, ते शोधत बसले.

बाथरूमच्या गळतीसाठी आलेल्या गवंड्याचं मत वेगळं होतं. मी एका पुस्तकातलं चित्र त्याला मुद्दाम दाखवलं: एप्रन बांधलेले साहेब, हातात गुण्या, भिंतीवर ओळंबा, शेजारी पाणसळ. त्याने निरखून पाहिलं. “हत्यारं बरोबर आहेत,” तो म्हणाला, “पण ह्यांनी हातात कधी थापी धरलेली नाय. नखं बघा.” विद्वानांनी कामकरी गवंडी आणि हौशी गवंडी यांच्यातल्या फरकावर खंडच्या खंड लिहिलेत, ते सगळे माझ्याकडे आहेत, आणि माझ्या मते त्यात याहून जास्त काही नाही.

खरा शत्रू शेजारी नव्हेत, जुलै महिना. ठाण्याच्या पावसात पापड सादळतात, दारं फुगतात, तिथे 1880 चं चामडी बांधणीचं पुस्तक काय करणार? आधी वास येतो, मग पानांवर तांबूस ठिपके, मग बुरशी. कसर तर बांधणीतली खळ चाटून चाटून खाते. जुन्या बायंडरांची खळ तिला फार आवडते. डांबरगोळ्या ठेवल्या तर सासूबाईंना शिंका. वेखंड ठेवलं तर नवरा म्हणतो घरात बाळंतीण असल्यासारखं वाटतं. शेवटी शास्त्रीय उपाय केला: पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून बरेच दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचं. कीड मरते, अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं.

ग्रंथालयांचे फ्रीझर वेगळे असतात. आमच्या फ्रीझरमध्ये मटार असतात, खोवलेलं खोबरं असतं, श्रावण लागायच्या आधी सुरमई असते. नवऱ्याच्या मावशी आल्या होत्या, त्यांनी सोलकढीसाठी खोबरं म्हणून जे काढलं ते अल्बर्ट मॅकीच्या फ्रीमेसनरी कोशातले सुटे झालेले फर्मे निघाले. मावशींनी पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या सासूबाईंना फक्त एवढंच विचारलं, “हिचं माहेर कुठलं म्हणालीस?”

आणि याच पावसाळ्यात ते निळं पुस्तक आलं. खिशात मावेल एवढं, कापडी बांधणी, कडा सोनेरी. शेठकडून ते काढताना मी चष्म्याला हातही लावला नव्हता, तरी तिसरी किंमत चांगलीच तिसरी होती. घरी येऊन उघडलं तर आत नुसती सुटी अक्षरं आणि टिंबं. विधी पाठ करायला सोपं जावं पण परक्याला कळू नये, म्हणून या लोकांनी शब्दांची फक्त पहिली अक्षरं छापायची युक्ती काढली होती. मी दोन रात्री डोकं धरून बसले. नवरा म्हणाला, छपाईचा दोष असेल, परत कर.

सासूबाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आहेत. रोज सकाळी पेपर आला की आधी शब्दकोडं, मग मृत्यूच्या बातम्या, मग चहा. त्यांनी ते पुस्तक मागितलं, कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून घेतलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर पान अर्धं भरलेलं.

“डब्ल्यू. एम. म्हणजे मास्तर,” त्या म्हणाल्या. “जे. डब्ल्यू. म्हणजे धाकटा मॉनिटर. मास्तर विचारतात, प्रत्येक फ्रीमेसनाची पहिली काळजी कोणती? मॉनिटर सांगतो, दार नीट बंद आहे ना ते बघणं. अगं, यात कसलं आलंय गुपित? लग्न होऊन आल्यापासून रोज रात्री मी हेच ओरडतेय.”

“आणि पुढे? परवलीचा शब्द?”

“तोही लागला. दुपारीच लागला.”

“मग सांगा ना!”

“मध्ये शपथ आहे. कुणाला सांगायचं नाही अशी. कळावी म्हणून मी ती मोठ्याने वाचली, आख्खी. आता कसं सांगणार?”

“आई, अहो, तो शब्द प्रिचर्डने 1730 सालीच छापलाय. शिवाय बायकांना शपथ लागू नाही. आणि पुस्तक माझं आहे.”

“तुझं आहे ना? मग केवढ्याला घेतलंस ते खरं सांग, मी शब्द सांगते.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पेपरमागे होता, पण पान उलटायचं थांबला होता.

“किलोवर घेतलं, आई.”

सासूबाईंनी त्या कागदाची बारीक घडी घातली, कमरेच्या बटव्यात टाकली आणि दोरी ओढली.