लोणच्याच्या बरणीत माती

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले दोन महिने एकच वाद धुमसतोय. मळीच्या रानात ओल मोजणाऱ्या सेन्सरची काठी रोवायची की नाही? बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं उपग्रह, जमिनीतले सेन्सर आणि एआय यांची सांगड घालून उसाचा जो प्रयोग केला, त्याचे व्हिडिओ आमच्या वाळवा तालुक्यात घरोघरी पोचलेत. चुलतभाऊ म्हणतो, "अंदाजपंचे शेती आता बास." आबा म्हणतात, "माझ्या रानाला तहान कधी लागती ते आता काठीनं सांगायचं मला?" आणि शेवटी दोघंही मला मध्ये ओढतात, कारण मी इंग्लंडात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. परदेशात राहणाऱ्या लेकीला सगळं कळतं, असा एक समज आहे. तो मोडायला मला फारसं आवडत नाही, पण आज थोडा मोडते.

रान साडेतीन एकर. कृष्णेच्या बाजूचं, काळं, एके काळी दृष्ट लागावी असं. आबांनी कारखान्याच्या काटापावत्या तारेला अडकवून ठेवल्यात, 1981 पासूनच्या. मागच्या सुट्टीत मी त्या सगळ्या काढून अंगणात मांडल्या. एकरी पंचावन्न टनांपासून सुरू झालेला आकडा खाली खाली येत विसावर आलाय. आकडा एका वर्षात कोसळला असता तर बोंब झाली असती. तो दरसाल जेमतेम टनभरानं उतरला आणि आम्ही प्रत्येक वेळी कुणावर तरी ढकलत गेलो. कधी बेणं खराब, कधी लोकरी मावा, कधी पूर, कधी वाटेकरी.

खरं कारण पायाखाली होतं. बारमाही पाणी, दर पाळीला सरी तुडुंब भरेपर्यंत, आणि निचऱ्याला वाट नाही. खालचं पाणी वर वर येत गेलं. ते केसासारख्या बारीक पोकळ्यांतून पृष्ठभागावर चढतं, उन्हानं उडून जातं आणि विरघळलेले क्षार मागं ठेवतं. उन्हाळ्यात रानावर पांढरी फुटते ती हीच. तिथंपर्यंत जमीन नुसती खारवट असते. पुढं चिकणमातीच्या कणांवर सोडियम बसला की कण फुगतात, एकमेकांपासून सुटतात, पाणी मुरायचं थांबतं, सामू (म्हणजे पीएच) साडेआठच्या वर जातो आणि रान चोपण होतं. मग कुणीतरी सांगतं, जिप्सम टाका. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकावतं, हे बरोबर. पण हुसकावलेला सोडियम जाणार कुठं? खाली सच्छिद्र पाईप किंवा चर नसेल तर तो तिथंच घुटमळतो. आमच्या आबांनी तीन वेळा जिप्सम टाकलं, तिन्ही वेळा निचरा न करता. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र आमच्यापासून काही लांब नाही. तिथं क्षारपड जमिनीवरच काम चालतं. आम्ही गेलो नाही. हा दोष केंद्राचा नाही, आमचा.

आता इकडची गोष्ट. मी राहते तिथून हार्पेंडन गाडीनं वीस मिनिटांवर आहे. तिथलं रोथॅमस्टेड हे शेती संशोधन केंद्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा निराशाच झाली. पट्टे पाडलेलं गव्हाचं रान. आमच्याकडं कुणी बांधावर पायसुद्धा थबकवणार नाही. पण त्या रानात 1843 पासून गहू पेरला जातोय. एका पट्ट्याला कधीच खत नाही, एकाला दरसाल शेणखत, बाकीच्यांना ठरलेली रासायनिक खतं. शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणारा कार्बन, बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त झालाय. ही वाढ शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू झाली. पाच वर्षांच्या प्रकल्पात ती पुरती दिसलीच नसती. शेजारी 1856 पासूनचं गवताचं कुरण आहे. तिथं खत न दिलेल्या तुकड्यांत तीसहून जास्त जातींच्या वनस्पती आहेत, आणि अमोनियम सल्फेटचा मारा होऊन आंबट झालेल्या तुकड्यात दोन-तीनच.

मला मात्र रानापेक्षा भांडार भावलं. फडताळांवर ओळीनं बाटल्या आणि डबे, आत वाळवलेली माती, दाणे, काड. तीन लाखांच्या वर नमुने. ज्यानं पहिली बाटली भरली त्याला डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. पण त्याच बाटल्यांतल्या जुन्या गव्हातून रोगाच्या बुरशीचा डीएनए काढून, तिचा चढउतार हवेतल्या गंधकाच्या प्रदूषणाशी कसा जुळतो, ते 2005 मध्ये मांडलं गेलं. वाळलेल्या गवताच्या नमुन्यांत विसाव्या शतकातल्या अणुचाचण्यांच्या प्लुटोनियमचा माग लागला. माती, रोग, भौतिकशास्त्र, सगळ्यांची उत्तरं एकाच फडताळात. प्रश्न नंतर आले.

हे ऐकून चुलतभाऊ लगेच म्हणणार, "बघा, तिकडं कसं!" थांब दादा. तिकडंही रोज असं नसतं. मी जिथं काम करते तिथं एका शनिवार-रविवारी फ्रीझर बंद पडला आणि चार वर्षांचे नमुने वितळले, कारण धोक्याची घंटा ज्याच्या फोनवर जायची त्याचं कंत्राट संपलं होतं. अर्ध्याहून जास्त सहकारी दोन-तीन वर्षांच्या कराराचे. पन्नास वर्षांचा प्रयोग आणि तीन वर्षांची नोकरी, हे गणित इथंही बसत नाही. रोथॅमस्टेड टिकलं त्यामागं जॉन लॉझ या माणसानं ठेवलेला 1 लाख पौंडांचा निधी होता, आणि तो पैसा सुपरफॉस्फेट विकून आलेला. खतवाल्यानंच खताचा हिशेब ठेवायला पैसे दिले म्हणायचे! आपल्याकडं साखरेचा पैसा काही कमी नव्हता. पुतळ्यांना पुरला, कमानींना पुरला, फडताळाला पुरला नाही.

बरं, चिकाटीनं मोजणं आपल्याला येत नाही असंही नाही. कोयनेचं धरण भरायला लागलं तसे हादरे सुरू झाले, 11 डिसेंबर 1967 ला 6.3 चा मोठा भूकंप झाला. साठच्या दशकापासून तिथल्या भूकंपांच्या नोंदी आहेत आणि त्या बघायला जगभरचे शास्त्रज्ञ येतात. कऱ्हाडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली, गोठण्याजवळ 3 किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं. सव्वा किलोमीटरभर काळा कातळ आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. आमचे काका त्यावर म्हणाले होते, "बोअर मारली आणि पाणी नाही लागलं." विनोद म्हणून ठीक. पण सातारा जिल्ह्यात खडकाचं जे जमलं, ते सांगलीत मातीचं का नाही जमलं?

तर काठी रोवा. आबा, तुम्हीही हरकत घेऊ नका. पाण्याची एक पाळी वाचली तरी त्या रानावर उपकार होतील. फक्त काठी आजची ओल सांगते. 1981 ला ही माती कशी होती, हे ती सांगणार नाही, आणि तुमच्या पावत्याही सांगणार नाहीत. त्या साली कुणी एक बरणी भरून ठेवली असती, तर क्षार कधी आणि किती वेगानं चढले ते मी इथं बसून काढलं असतं.

माझा जीव खरं तर आपल्या रानात नाही, तिकडं पूर्वेला अडकलाय. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी दुष्काळी गावांत पोचलं. माझी आत्या जत तालुक्यात दिलेली. तिच्या घरी टँकरची वाट बघत घालवलेले उन्हाळे मला आठवतात, त्यामुळं त्या पाण्याबद्दल वाकडं बोलायची माझी छाती नाही. पण आत्याच्या ओढ्याकाठच्या काळ्या रानात आता ऊस उभा आहे, आणि पाणी सरी तुडुंब भरूनच देतात. आमची पहिली पाच वर्षं अशीच गेली होती, पंचावन्न टनांची. तिथली माती आज अजून चांगली आहे. ती आजच भरून ठेवायला हवी.

म्हणून रविवारी फोन करून आबांना कामाला लावलं. आत्याच्या रानातून सहा जागची माती, वीतभर खोलीची वेगळी आणि हातभर खोलीची वेगळी. सावलीत वाळवायची, काचेच्या बरणीत भरायची, वर गट नंबर आणि तारीख. आबांनी सगळं मुकाट्यानं ऐकलं. मग म्हणाले, "बाराच बरण्या हायत घरात. आणि तुझ्या आईनं कैऱ्या आणून ठेवल्यात."