अंदमानचे पहिले खासदार माहीत आहेत?

मलाही नव्हते. अंदमान म्हटलं की आपली गाडी सावरकरांच्या कोठडीशी येऊन थांबते. मीही दोन वर्षांपूर्वी टूरबरोबर जाऊन सेल्युलर जेलमध्ये डोळे पुसून आलो. जेटीवर मात्र कार निकोबार या आदिवासी बेटाच्या बोटीची वाट बघणारी माणसं दिसली. पोती, तान्ही पोरं, बांधलेला पंखा. "तिकडे आपल्याला सोडत नाहीत," गाईड म्हणाला आणि जेवणाची वेळ सांगू लागला.

त्याच कार निकोबारचे बिशप जॉन रिचर्डसन १९५२ साली पहिल्या लोकसभेत बसले. शिक्षण मंडालेला, तेव्हाच्या ब्रह्मदेशात. निकोबारी भाषेत बायबल आणणारे हेच. १९४२ ते ४५ या जपानी अमलात त्यांनी तुरुंग भोगला, मुलगा गमावला. पुढे पद्मश्री, पद्मभूषण.

पण ते निवडून आले नव्हते. राष्ट्रपतींनी नेमले होते. माझी आजी सांगायची, पहिल्या निवडणुकीत तिनं बैलजोडीच्या पेटीत चिठ्ठी टाकली. लिहितावाचता येत नसलेल्या तिला मत होतं. पोर्ट ब्लेअरच्या बाईला खासदार निवडायला १९६७ उजाडलं. हे वाचून आधी माझं डोकं तापलं होतं. माणूस कितीही मोठा असो, वरून नेमलेला तो नेमलेलाच.

मग १९६७ नंतरची यादी पाहिली. गणेश, भक्त, राय, शर्मा. निकोबारी आदिवासी एकही नाही! कसा असणार? सगळ्या बेटांना मिळून एकच जागा, तीही खुली, आणि बहुसंख्य मतदार मुख्य भूमीवरून येऊन वसलेले. म्हणजे नेमणुकीनं जे एकदा दिलं, ते मतपेटीनं आजवर दिलेलं नाही. लोकशाहीवर भाषण ठोकणाऱ्या माझ्यासारख्याला हे गिळायला जड जातं.

'एवढ्याशा लोकसंख्येला खासदार कशाला' असं कुणी म्हणेलच. २०११ च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास, त्यांना स्वतंत्र जागा आहे, तीही अनुसूचित जमातींसाठी राखीव. निकोबार जिल्ह्यात ३७ हजारांच्या आसपास. त्यांना वेगळी जागा का नको? माझं मत स्पष्ट आहे, द्यावी. निवडणुकीतून जमत नसेल तर पूर्वीसारखी नेमा, मी तक्रार करणार नाही.

ग्रेट निकोबारला गॅलथिया खाडीत मोठं बंदर बांधायचं चाललंय. त्यावर लोकसभेत चर्चा होते तेव्हा निकोबारी भाषा येणारं तिथं कुणीच नसतं.