प्रीक्वेल आधी की मूळ कादंबरी आधी?

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. जिम बुचरच्या कादंबऱ्यांतला जादूगार-गुप्तहेर हॅरी ड्रेस्डेन पुढे जगणार हे ठाऊक असताना प्रीक्वेलमध्ये, म्हणजे त्या कादंबऱ्यांच्या आधीच्या गोष्टीत, धाकधूक कसली, म्हणून 'वेलकम टू द जंगल' (२००८) ही चित्रकथा नुसता विक्रीचा खटाटोप. आणि घटनाक्रमाने ती आधीची असूनही 'स्टॉर्म फ्रंट' (२०००) या पहिल्या कादंबरीनंतर वाचा हे माझं म्हणणं उफराटं.

गोष्ट सांगायला हॅरी उरणार, हे 'स्टॉर्म फ्रंट'च्या पहिल्या पानावरही कळतंच. तिथेही तो स्वतःच बोलतोय. ओढ असते ती कोणी केलं, कसं केलं याची. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात पहारेकरी मारला जातो, आळ गोरिलावर येतो, पोलीस अधिकारी मर्फी हॅरीला बोलावते. पुढच्या साऱ्या कादंबऱ्या वाचल्या असल्या तरी हे कोडं सुटत नाही.

शिवाय ही जुन्या कादंबरीची काटछाट नाही. जिम बुचरने चित्रकथेसाठीच रचलेली गोष्ट आहे. माप बघा. अमेरिकी मासिक अंक साधारण २२ पानांचा, आणि ही गोष्ट चार अंकांत आली, म्हणजे ८८ पानं. पानावर पाच-सहा चौकटी, आणि संवादाचे फुगे व निवेदनाच्या पट्ट्या मिळून दीडशेच्या आसपास शब्द. त्याहून फार भरले की चित्र झाकलं जातं. एकूण तेरा हजार शब्द झाले. कादंबरीला ऐंशी-नव्वद हजार मिळतात. एवढ्यात उपकथानकं बसत नाहीत. एक जागा, एक गुन्हा, मोजके संशयित हेच जमतं, आणि म्हणूनच प्राणिसंग्रहालयाची निवड अचूक आहे. चुकतं ते वेगळ्या ठिकाणी: हॅरीचं स्वगत पट्ट्यांत कोंबलं जातं, आणि चित्रकार आर्डियन स्याफने रेखाटलेलंच आपण पुन्हा वाचतो. टीका करायची तर इथे करा.

आता क्रम. कवटीत राहणारा आत्मा बॉब, जादूगारांवर हुकूमत चालवणाऱ्या व्हाइट कौन्सिलचा धाक, मर्फीला किती सांगावं हा पेच, हे सगळं कादंबरीत सावकाश उलगडतं. चित्रकथेला ते गृहीत धरावं लागतं.

किम हॅरिसनच्या 'ब्लड वर्क'मध्ये (२०११) तर क्रमावरच सगळी मजा आहे. 'डेड विच वॉकिंग'पासून (२००४) कादंबऱ्या चेटकीण रेचल सांगते. चित्रकथा मात्र त्याआधीचा काळ तिची सहकारी, व्हॅम्पायर आयव्ही हिच्या बाजूने दाखवते. रेचलच्या लक्षातही न येणारी आयव्हीची घालमेल इथे उघड दिसते. पण रेचलची बाजू आधी माहीत नसेल, तर त्यातलं निम्मं हाती लागत नाही. प्रीक्वेलने असंच काहीतरी करावं असं मला मनापासून वाटतं.

तुमचा क्रम जिथे खरंच चालेल असं एक पुस्तक सांगतो: पॅट्रिशिया ब्रिग्जच्या मर्सी थॉम्पसन मालिकेतली चित्रकथा 'होमकमिंग' (२००९). मर्सी वॉशिंग्टन राज्यातल्या ट्राय-सिटीजमध्ये नवखी म्हणून येते, त्यामुळे तिच्याबरोबर वाचकालाही तिथली माणसं आणि माणसाचे लांडगे होणारे वेअरवुल्फ कळत जातात. ते 'मून कॉल्ड' या पहिल्या कादंबरीच्या आधी खुशाल वाचा. चित्रं मात्र दोघांच्या हातची आहेत. मध्येच चेहरे वेगळे वाटले तर पात्रं बदलली असं समजू नका.