टर्फ आलं म्हणून आपली हॉकी गेली? आधी निकाल तरी बघा

तो मेसेज फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर आला. एरवी असले फॉरवर्ड मी न वाचता पुसून टाकतो. पण माझा भाचा शाळेच्या संघात लेफ्ट हाफ खेळतो. त्यानं तो वाचला आणि मला विचारलं, "मामा, मैदानच आपल्याला हरवायला बनवलंय, तर मग खेळून काय उपयोग?" हॉकीवरच्या प्रेमापोटी म्हणून लोक हा मेसेज पुढे ढकलतात आणि एका खेळणाऱ्या पोराच्या हातातली स्टिक खाली ठेवायची वेळ आणतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा: १९७५ साली भारतानं क्वालालंपूरला हॉकीचा विश्वचषक जिंकला. तोवर आपल्याला हरवणारा जन्माला आला नव्हता. युरोपातल्या गोऱ्यांना ते बघवलं नाही, म्हणून त्यांनी पुढच्याच वर्षी गवत काढून प्लास्टिकचं टर्फ आणलं. त्यानंतर भारताच्या हाती काहीच लागलं नाही. मग तोंडी लावायला ध्यानचंद, हिटलर, 'राष्ट्रीय खेळाचा अपमान' आणि शेवटी 'टर्फवर बहिष्कार घाला' अशी हाक.

हरवणारा जन्माला आला नव्हता म्हणे! १९२८ ते १९५६ अशी सलग सहा ऑलिम्पिक सुवर्णं आपली, त्याबद्दल वाद नाही. पण १९६० साली रोमच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं आपल्याला १-० हरवलं, गवतावर. १९६४ ला टोकियोत आपण ते सुवर्ण परत आणलं, पण १९६८ ला मेक्सिकोत कांस्य, १९७२ ला म्युनिकमध्ये पुन्हा कांस्य. म्युनिकचं सुवर्ण पश्चिम जर्मनीनं नेलं, तेही गवतावरच. १९७१ च्या पहिल्या विश्वचषकात आपण तिसरे आणि १९७३ च्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून पेनल्टी स्ट्रोकवर पराभूत. युरोपियन संघ आपल्याला गवतावर हरवत होते, त्यांना त्यासाठी टर्फची वाट बघावी लागली नाही.

आणि ज्या १९७५ चा एवढा गाजावाजा, त्या स्पर्धेत तरी काय घडलं होतं? साखळीत अर्जेंटिनानं आपल्याला हरवलं होतं. उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध आपण पिछाडीवर होतो, वेळ संपत आली होती. तेव्हा बाकावर बसलेल्या अस्लम शेर खानला आत पाठवलं. त्यानं गळ्यातला ताईत ओठांना लावला आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. जादा वेळेत हरचरण सिंगनं विजयी गोल केला. अंतिम सामन्यातही पहिला गोल पाकिस्तानचा. मग सुरजित सिंगनं बरोबरी साधली आणि अशोककुमारच्या फटक्यावर चेंडू गोलपोस्टच्या आतल्या बाजूला आपटून बाहेर आला. पाकिस्तानी खेळाडू गोल झालाच नाही म्हणून भांडले, पंचांनी तो दिला आणि आपण २-१ जिंकलो. कर्णधार अजितपाल सिंगच्या संघानं तो चषक असा घाम गाळून, दोनदा मरणाच्या दारातून परत येऊन जिंकला. 'आपल्याला कुणी हरवूच शकत नव्हतं' म्हणणारा त्याच पोरांची मेहनत पुसून टाकतो.

आता मुख्य आरोप, युरोपाच्या कटाचा. टर्फवरचं पहिलं ऑलिम्पिक १९७६ चं, मॉन्ट्रियलचं. पदकं कुणी नेली? सुवर्ण न्यूझीलंड, रौप्य ऑस्ट्रेलिया, कांस्य पाकिस्तान. पहिल्या तिघांत युरोपातला एकही संघ नाही! स्वतःसाठी मैदान बदलून घेणारे कटवाले चौथ्या क्रमांकापासून पुढे कसे उभे राहतात, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं. आपण सातवे आलो. पण ऑस्ट्रेलियाशी बरोबरीचा निवाडा लावायला झालेल्या सामन्यात पेनल्टी स्ट्रोकवर हरलो म्हणून उपांत्य फेरी हुकली, नाहीतर पदकाच्या शर्यतीत होतो.

याहून मोठा पुरावा पुढच्या दोन विश्वचषकांचा आहे आणि तो सोयीस्कर विसरला जातो. १९७८ चा ब्युनॉस आयर्सचा विश्वचषक गवतावर झाला. भारत सहावा. १९८२ चा विश्वचषक आपल्या मुंबईत झाला. गवत आपलं, हवा आपली, प्रेक्षक आपले. भारत पाचवा. दोन्ही वेळा चषक पाकिस्ताननं नेला. टर्फनं आपल्याला बुडवलं असेल, तर टर्फ नसताना आपण सहावे आणि पाचवे का आलो? माझ्या मते हा सगळा वाद इथेच मिटतो.

तरीही कुणी हट्ट धरलाच, तर पाकिस्तानचंच बघावं. टर्फ त्यांनाही परकंच होतं. तरी त्यांनी १९८४ ला लॉस एंजेलिसचं सुवर्ण आणि १९९४ ला सिडनीचा विश्वचषक टर्फवरच जिंकला. दक्षिण कोरियानं २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रौप्य मिळवलं. त्याच स्पर्धेत आपण पोलंडविरुद्ध १-० पुढे होतो, उपांत्य फेरी हाताशी आली होती आणि अखेरच्या दोन मिनिटांत गोल खाल्ला. खडकीचा धनराज पिल्ले त्या संघात होता. अख्ख्या महाराष्ट्राचा जीव तेव्हा तुटला. तो गोल टर्फनं केला नव्हता.

'त्यानंतर काहीच मिळालं नाही' हेही खोटं. १९८० चं मॉस्कोचं सुवर्ण आपण टर्फवर जिंकलं, अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ हरवून. अनेक देशांनी त्या ऑलिम्पिकवर घातलेल्या बहिष्कारामुळे तिथं सहाच संघ होते आणि तगडे संघ आले नव्हते, हे मान्य. पण सुवर्ण ते सुवर्णच.

आता मेसेजमध्ये जेवढं खरं आहे तेवढं कबूल करतो, मनाविरुद्ध का होईना. टर्फनं खेळ बदलला. गवतावर चेंडू उसळायचा, अडायचा, तिथं मनगटाची कला आणि ड्रिबलिंग चालून जायचं. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगानं पळतो, त्यामुळे दमसास आणि धाव यांना भाव आला. टर्फ अंथरायला कोट्यवधी लागतात, वर त्याला पाणी मारावं लागतं. श्रीमंत देशांनी ती पटापट अंथरली आणि आपली पोरं वर्षानुवर्षं मातीवर शिकून थेट टर्फवर उतरली. यात अन्याय आहेच.

पण हा अन्याय कुणी केला? दिल्लीत १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी टर्फ आलं, तोवर जग पुढे गेलं होतं आणि पाकिस्ताननं अंतिम सामन्यात आपल्याला ७-१ धुतलं. १९९८ ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण जिंकून आलेल्या संघातून कर्णधार धनराजसह कितीतरी खेळाडूंना बाहेर बसवलं गेलं. तो निर्णय युरोपात झाला नाही. २००८ ला आपण बीजिंग ऑलिम्पिकसाठी पात्रसुद्धा ठरलो नाही आणि त्याच वर्षी भारतीय हॉकी महासंघाच्या सचिवावर संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप होऊन भारतीय ऑलिम्पिक संघटनेला तो महासंघच निलंबित करावा लागला. २०१० च्या जानेवारीत, विश्वचषक तोंडावर आलेला असताना, पुण्याच्या शिबिरात खेळाडूंनी सराव थांबवला, कारण त्यांचे पैसे थकले होते. देशासाठी खेळणाऱ्यांना स्वतःच्याच पैशांसाठी हात पसरावे लागले! कटाची गोष्ट ऐकून ही माणसं खूश होत असतील. दोष गोऱ्यांचा ठरला की यांना जाब विचारायला कुणी उरत नाही.

हिटलर आणि ध्यानचंद यांचा टर्फशी काहीही संबंध नाही. पण विषय काढलाच आहे म्हणून सांगतो: १९३६ ला बर्लिनमध्ये जर्मनीला अंतिम सामन्यात ८-१ हरवणारा संघ आधी सराव सामन्यात त्याच जर्मनीकडून ४-१ हरला होता. मग आपल्या संघानं भारतातून दारा या आघाडीच्या खेळाडूला तातडीनं बोलावून घेतलं आणि संघ दुरुस्त केला. राष्ट्रीय खेळाचं म्हणाल, तर कुठल्याही खेळाला तसा दर्जा दिलेला नाही, हे क्रीडा मंत्रालयानं २०१२ साली माहिती अधिकारातल्या उत्तरात लेखी सांगितलंय.

राहिली बहिष्काराची हाक. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीविरुद्ध १-३ पिछाडीवरून ५-४ जिंकलो, शेवटच्या सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर गोलरक्षक श्रीजेशनं अडवला, ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आलं. २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य. दोन्ही टर्फवर. ओडिशातल्या सुंदरगडसारख्या आदिवासी जिल्ह्यात टर्फ पोचलं, तिथली पोरं आज भारताकडून खेळतात. ज्याला हॉकीचा खरंच कळवळा आहे, त्यानं आपल्या जिल्ह्यात टर्फ का नाही आणि आहे त्याची देखभाल कोण करतं, हे क्रीडा अधिकाऱ्याला लेखी विचारावं आणि ते पत्र ग्रुपवर टाकावं. ते मी स्वतः पुढे पाठवीन.