ई-कॅडहेरिनचा सिग्नल नाही, म्हणून ईएमटी झाली असं नाही

ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं प्रथिन. ते शोधायला त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी लावतात. ईएमटी म्हणजे चिकटून राहणाऱ्या आवरण-पेशींनी ती ठेवण सोडून सुट्या, फिरत्या पेशींसारखं होणं. कर्करोगावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत एक सल्ला हातोहात फिरतो: "ई-कॅडहेरिनची कंपनीने तपासलेली कुठलीही अँटिबॉडी घ्या, ती सगळ्या चाचण्यांत चालते. सिग्नल गेला की पेशींनी चिकटून राहणं सोडलं, म्हणजेच ईएमटी झाली." हा सल्ला टिकत नाही, आणि त्यापायी गाठीचे नमुने वाया जातात. गाठीचा एकदा वापरलेला पातळ काप परत मिळत नाही.

"कुठलीही अँटिबॉडी." हे प्रथिन पेशीच्या पटलातून आरपार जातं. एचईसीडी-1 हा क्लोन (एकाच प्रकारच्या पेशींपासून बनवलेली, एकच जागा ओळखणारी अँटिबॉडी) त्याचा बाहेरचा भाग ओळखतो. 24ई10 आणि क्लोन 36 आतली शेपटी ओळखतात. जिवंत पेशींवर क्लोन 36 लावला तर काहीच दिसत नाही, फक्त मेलेल्या पेशी चमकतात. शिवाय एचईसीडी-1 माणसाच्या प्रथिनासाठी आहे. उंदराच्या पेशींना डेक्मा-1 लागतो.

"सगळ्या चाचण्यांत चालते." सर्वात जास्त घोळ फ्लो सायटोमेट्रीत (सुट्या पेशी एकेक करून मोजण्याच्या चाचणीत) होतो, तोही अँटिबॉडी लावण्याआधीच. भांड्याला चिकटलेल्या पेशी नेहमीच्या ट्रिप्सिन-ईडीटीएने (ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एंझाइम) सोडवल्या की ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, प्रथिनाचा बाहेरचा भाग ढिला पडतो आणि ट्रिप्सिन तो कापून टाकतं. दोष मात्र अँटिबॉडीवर येतो. ट्रिप्सिनमध्ये 1 ते 2 मिलिमोलर कॅल्शियम ठेवलं तर प्रथिन वाचतं, पण पेशी एकमेकींना सोडत नाहीत, गठ्ठे राहतात. म्हणून ट्रिप्सिन टाळून नुसत्या 2 ते 5 मिलिमोलर ईडीटीएने पेशी सोडवाव्यात, धुवाव्यात आणि बर्फावर, 1 मिलिमोलर कॅल्शियम असलेल्या हेपेस बफरमध्ये रंगवाव्यात. शेवटी 40 मायक्रॉनच्या जाळीतून गाळाव्यात. फ्लोच्या तयार बफरमध्ये बहुतेकदा ईडीटीए असतंच. ते इथे नको, कारण काही क्लोनना कॅल्शियमने ताठ झालेलाच आकार ओळखू येतो.

"सिग्नल गेला म्हणजे ईएमटी." वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने पाहण्याच्या चाचणीत) पूर्ण प्रथिन 120 किलोडाल्टनच्या आसपास दिसतं. प्रोटिएझने (प्रथिन कापणाऱ्या एंझाइमने) ते पटलाजवळ कापलं की सुमारे 80 किलोडाल्टनचा बाहेरचा तुकडा पेशींभोवतीच्या द्रवात, म्हणजे माध्यमात जातो आणि 38 किलोडाल्टनची शेपटी पेशीत उरते. 120ची पट्टी फिकी झाली असेल तर शेपटीच्या अँटिबॉडीने ब्लॉट खालपर्यंत पाहा. 50 किलोडाल्टनखालचा भाग कापून टाकलेल्या ब्लॉटवर ही खूण कधीच सापडणार नाही. माध्यमातला 80चा तुकडा हवा असेल तर बाहेरच्या भागाची अँटिबॉडी लागते.

स्तनाच्या कर्करोगाच्या एसके-बीआर-3 या पेशींचं उदाहरण तर अगदी स्पष्ट आहे. त्यांच्यात ई-कॅडहेरिनचं जनुकच गळून गेलंय, तरी आवरण-पेशींची खूण असलेली केराटिन 8 आणि 18 ही प्रथिनं ठळक असतात. ईएमटीत वाढणारी व्हायमेंटिन व एन-कॅडहेरिन ही प्रथिनं आणि केराटिन सोबत न पाहता ईएमटी लिहू नये.

"कंपनीने तपासली आहे." कोणत्या चाचणीत, कोणत्या पेशींवर? क्लासिकल कॅडहेरिनच्या, म्हणजे ई-कॅडहेरिन आणि त्याच्या जवळच्या भाऊबंद प्रथिनांच्या शेपट्या एकमेकींशी बऱ्याच जुळतात, म्हणून ई-कॅडहेरिनचं जनुक काढलेल्या पेशींचा नमुना हा सर्वात भरवशाचा पुरावा. तो नसेल तर निदान ई-कॅडहेरिन असलेल्या एमसीएफ-7 पेशी होकारार्थी आणि एसके-बीआर-3 नकारार्थी म्हणून प्रत्येक ब्लॉटवर चालवा. स्तनाच्या कापात शेजारची निरोगी नलिका पाहा: तिथेही कडा रंगली नसेल तर गाठीबद्दल काहीच म्हणता येत नाही, आधी पीएच 9च्या बफरने अँटिजेन रिट्रीव्हल (कापातलं झाकलेलं प्रथिन अँटिबॉडीसाठी पुन्हा मोकळं करणं) पुन्हा करा. आणि लोब्युलर कर्करोगात (स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार, ज्यात ई-कॅडहेरिन सहसा नसतं) ई-कॅडहेरिन थोडंफार रंगलंच, तर कॅडहेरिनच्या शेपटीला जोडलेल्या पी120 कॅटेनिन या प्रथिनाची अँटिबॉडी लावा. पी120 पेशीच्या कडेऐवजी पेशीद्रवात पसरलेलं दिसलं तर कॅडहेरिन रंगतंय, पण काम करत नाही.