तीनच दात आहेत ना?

परवापासून मायक्रोमीटरशी माझं बोलणं बंद आहे.

झालं असं की माझ्या लेथवर 12 रिंगा आल्या. बोअर, म्हणजे आतलं भोक, 60 मिलीमीटर, तो आधीच फिनिश. दोन्ही बाजूंचे फेसही झालेले. बाहेरून 66 करायचं, म्हणजे भिंत उरणार 3 मिलीमीटरची. रुंदी 20. बाहेरून धरायची सोय नाही, कारण जे धरायचं तेच टर्न करायचं. आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात: ओडी (बाहेरचा व्यास) बोअरशी समकेंद्री, 0.02 च्या आत. बोअर आणि ओडी एकाच सेटिंगमध्ये काढले असते तर ही वेळच आली नसती. पण बोअर करणारा एक, ओडी करणारा दुसरा, आणि ड्रॉइंग काढणारा तिसरा, ज्याच्या स्क्रीनवर रिंग आपली हवेत तरंगत असते. तिला कोण धरतंय, कुठे धरतंय, त्याला काय त्याचं!

अशा कामाला मँड्रेल, म्हणजे बोअरमध्ये घट्ट बसणारा दांडा, घ्यावा हे मला शिकवायची गरज नाही. आमच्या कपाटात पक्के टेपर मँड्रेल 34 आहेत. टेपर, म्हणजे निमुळतेपणा, नावालाच, 100 मिलीमीटर लांबीला साधारण 0.05. डोळ्याला दिसत नाही, आणि त्यामुळे दर वेळी कोणीतरी तो उलट्या टोकाने ठोकून बसवायला जातो. एकजण तर हातोडी घेऊन सेंटरच्या भोकावरच मारत होता. तेव्हापासून त्या मँड्रेलवर केलेला प्रत्येक जॉब किंचित लंगडतो आणि दोष लेथला लागतो. असो. तर 34 मँड्रेल आहेत आणि लागतो तो कायम पस्तिसावा. 60 चा नव्हता. नवा करायचा तर तास जातो, आणि तो तास आजवर कुठल्या बिलात दिसलेला नाही. म्हणून मी साधा मार्ग धरला: चकचे, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीचे, तीन जॉ बोअरमध्ये घालायचे, बाहेर फाकवायचे, आणि ओढायचा कट.

इथे हेल्मेटवाल्यांचा प्रवेश.

रिंगा न्यायला गिऱ्हाइकाने एक गृहस्थ पाठवले होते, रिंगा व्हायच्या आधीच. काखेत ते हाउसिंग, ज्यात या रिंगा बसायच्या, आणि डोक्यावर हेल्मेट. ते त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही, नुसती काच वर केली. एक क्रेट उलटा करून माझ्या बरोब्बर उजव्या हाताला बसले आणि म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही हं दादा. तुमचं चालू द्या."

असं म्हणणारा माणूस दिसला की मशीन बंद करून निघून जावं.

आता, बाहेरून धरताना चकची चावी उजवीकडे फिरवली की जॉब आवळतो. आतून धरताना सगळं उलटं, डावीकडे. हे डोक्याला कळतं. मनगटाला कळत नाही. मी रिंग डावीकडे व्यवस्थित आवळली, रिंग डगमगते का ते दाखवणारा डायल लावला, काटा जागचा हलला नाही. आणि मग सवयीने, चावी काढता काढता, मनगटाने शेवटचा एक हिसका दिला. उजवीकडे.

स्पिंडल चालू केला, टूल टेकवलं. रिंग जरा उठून बसली, इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं आणि उडी मारून चिपांच्या ट्रेमध्ये. ठण्ण.

हेल्मेटमधून आवाज आला, "सुटली."

एकच शब्द. टोमणा नाही की प्रश्न नाही. गाडी फलाटावर आल्याची घोषणा व्हावी तसा. तो शब्द मला असा काही लागला की पुढच्या रिंगेच्या वेळी मी सगळा जोर लावून आवळलं, चावीला पाइप तेवढा लावला नाही. त्यात आतून धरलं की चक जितका जोरात फिरतो तितके जॉ बाहेर पळायला बघतात, म्हणजे पकड आणखी घट्ट. बाहेरून धरताना नेमकं उलट, वेगाबरोबर पकड सैल होते. मनात म्हटलं, आता सुट बघू!

नाही सुटली. पाच रिंगा सलग काढल्या. चकवर डायल शून्य. 65.971 ते 65.990 च्या आत यायचं होतं; मी 65.98 वर आणून ठेवलं. फिनिश असं की हेल्मेटसुद्धा त्यात दिसत होतं. पहिली रिंग काढून थोड्या तोऱ्यातच त्यांच्या हातात दिली.

त्यांनी हाउसिंगवर ठेवली. दाबली. माझ्याकडे बघितलं.

"दादा, जात नाही."

"तिरकी धरलीय. सरळ घाला."

"सरळच आहे."

"तेल लावा."

तेल लावलं. तेलकट झाली, पण गेली नाही.

"तुमचं हाउसिंगच लहान असणार." मी बोअर गेज घातला. 66.01.

"मग तुमची रिंग मोठी असेल," ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले.

मी मायक्रोमीटर आणला. इथे 65.98. रिंग फिरवून इथे 65.98. इथे पण 65.98. विहिरीत डोकावावं तसे ते वाकून बघत होते. मग म्हणाले, "हे दोनच बाजूंनी धरतं का?"

"...हो."

त्यांनी रिंग उजेडाकडे धरली. दाबादाबीत तेलाखाली तीन जागा घासून चकाकल्या होत्या. त्यावर एकेक बोट ठेवत ते मोजायला लागले. एक, दोन, तीन. मग रिंगेच्या आत बघितलं, जॉचे वळ होते तिथे. ते बरोबर दोन चकाकींच्या मधे. मग मान वळवून सावकाश चककडे बघितलं.

"दादा, तुमच्या याला तीनच दात आहेत ना?"

मला यातलं काही कळत नाही, म्हणे.

कळलं होतं ते शंभर टक्के खरं होतं. तीन जॉंनी पातळ रिंग तीन ठिकाणी बाहेर ढकलली. टूलने ती फुगवटी कापून चकवर पक्कं गोल केलं. जॉ सैल केले तशी रिंग आपल्या मूळ आकाराला गेली: जॉपाशी खड्डे, मधे उंचवटे. आणि उंचवट्याच्या बरोबर समोर खड्डा येतो, त्यामुळे दोन टोकांत मोजणाऱ्या मायक्रोमीटरला सगळीकडून तेच माप दिसतं. व्ही-ब्लॉकच्या खाचेत ठेवून डायलखाली फिरवली तेव्हा काटा एका फेरीत तीनदा वर गेला, तीनदा खाली. पाचही रिंगांचं तेच.

"जरा कमी आवळायचं," हेल्मेटवाले म्हणाले.

हे मला कोणी ऐकवावं? तर ज्याच्या एका शब्दापायी मी आवळल्या त्याने!

मग चकमध्ये गोल बार धरून तिथल्या तिथे 59.99 चा खुंटा टर्न केला, मागे खांदा, पुढे आटे. तो चकमधून न काढताच रिंग चढवायची आणि वॉशर-नटने बाजूने दाबायची. खांद्यावर दाबली जाते, फाकत नाही. तास लागला. उरलेल्या 6 रिंगा हाउसिंगमध्ये लोण्यासारख्या गेल्या. प्रत्येक त्यांनी स्वतः घालून बघितली, काढून बघितली, पुन्हा घालून बघितली. निघताना काच खाली करता करता म्हणाले, "हे आधीच का नाही केलं?"

मालकांनीही मला शब्दन् शब्द हेच विचारलं. हेच मालक, ज्यांना मँड्रेलचा तास मागितला की "12 नगांसाठी?" असं म्हणतात. रिंगा बारापैकी 6 फुकट गेल्या, पण तो तास वाचवायचा प्रयत्न कोणाच्या हुकमावरून झाला याची चौकशी झाली नाही.

फुकट गेलेल्यांपैकी एक मालकांच्या टेबलावर कागद दाबायला आहे. काल एक नवं गिऱ्हाईक आलं, रिंग उचलून बोटावर फिरवली आणि म्हणालं, "वा, काय गोल काढलंय!" मालक माझ्याकडे बघायला लागले. मी खिशातून मायक्रोमीटर काढून पुढे केला.

65.98. तिन्ही ठिकाणी.